खुंटीवरची माळ

रविवार मला कधीच आवडला नाही. आमच्या गावात बायकांना सगळे वार सारखेच असत, माझा रविवार मात्र शनिवारी संध्याकाळीच सुरू होई. दिवसभर कापूस वेचून मोडलेली कंबर घेऊन, हळदकुंकू, चार तांदूळ आणि पाण्याचा तांब्या हातात धरून बांधावर जायचं आणि एका रोपट्याला उद्याचं आवतण द्यायचं. पुनर्नवा हे त्याचं वैद्याच्या पोथीतलं नाव. आमच्या नंदुरबारच्या बाजूला गुजरात हाकेच्या अंतरावर, म्हणून आम्ही तिला साटोडी म्हणत असू. जमिनीला चिकटून पसरते, देठ तांबूस, कुणीही न बघता तुडवून जाईल अशी. तिला हात जोडून सांगायचं, उद्या न्यायला येते, रागावू नको.

मग रविवारी सूर्य उगवायच्या आत, तोंडात पाण्याचा थेंब न घालता, वाटेत कुणी भेटलं तरी न बोलता जायचं आणि आपली सावली तिच्यावर पडू न देता ती मुळासकट उपटायची. सूर्यच उगवलेला नाही तर सावली कुठून पडणार, असं मी पहिल्या वर्षी सासूबाईंना विचारलं होतं. त्यांनी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. मी पुन्हा विचारलं नाही.

हे सगळं काविळीच्या माळेसाठी. साटोडीच्या मुळांचे आणि जाड देठांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. ते सुईने ओवायचे नाहीत. कच्च्या सुताचा फास प्रत्येक तुकड्याच्या कंबरेला आवळत जायचं. अशी माळ रोग्याच्या गळ्याशी घट्ट बांधायची. ती रोज थोडी थोडी खाली उतरे आणि नवव्या दिवशी छातीवर लोंबू लागे. माळ उतरली की कावीळ उतरली, असा पंचक्रोशीचा विश्वास. कोरीटपासून पार तापीपलीकडच्या गावांतून माणसं गाडी जुंपून यायची. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. दवाखाना तेव्हाही नंदुरबारला होता, पण कावीळ म्हटलं की गाडी आमच्या ओट्याकडे वळे.

ही विद्या आमच्या घरात सासूकडून सुनेकडे येई. माझ्या सासूबाईंनी ती तीस वर्षं चालवली. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. रोग्याचा डोळा पिवळा की पांढरा, हे दिसेना, म्हणून एका रविवारी त्यांनी माझ्या हातावर पाणी सोडलं आणि काम माझ्या गळ्यात आलं. देताना तीन गोष्टी बजावल्या. कुणाला नाही म्हणायचं नाही. कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचं नाही. आणि एकदा गुण दुसऱ्याच्या हाती दिला की आपला हात रिकामा. म्हणजे त्यांचा हात सुटला होता आणि माझा अडकला होता.

माझं वय तेव्हा अठरा. आठ वर्षं मी ते केलं. लोक म्हणत, बाईच्या हाताला गुण आहे, केवढं पुण्य लागत असेल. मला पुण्य नको होतं, झोप हवी होती. पहाटे दोन पायल्या ज्वारी दळायची, आडाचं पाणी ओढायचं, चौदा माणसांच्या भाकरी थापायच्या, पाठीमागे दोन मुलं आणि तिसरं अंगावर पिणारं, आणि वर ओट्यावर पिवळ्या डोळ्यांची रांग. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. शिवाय एकदा हाताला गुण आहे म्हटलं की जगाचा खोकलाही आपलाच. कुणाला अडुळशाचा काढा सांग, कुणाच्या मुरगळलेल्या पायाला रुईचं पान शेकून बांध, कुणाच्या बाळाच्या पोटावर ओव्याची पुरचुंडी फिरव. उपाशीपोटी हे करताना माझी चिडचिड व्हायची आणि ती मुलांच्या पाठीवर निघायची. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

माळ बांधून झाली की पथ्य सांगायचं, तेही पाठ झालं होतं. तेल बंद, तिखट बंद. ताक-भाकर खायची. सकाळी भुईआवळा वाटून ताकातून घ्यायचा. ऊस असेल तेव्हा उसाचा रस. आणि नऊ दिवस खाटेवरून उठायचं नाही. हे शेवटचं मी नेहमी घाईघाईत म्हणून टाकी, कारण तोवर माझी चूल विझलेली असे.

एका शनिवारी शेजारच्या गावाहून निरोप आला की एक शेतकरी हळदीसारखा पिवळा पडला आहे, उद्या सकाळी आणतो. मी आवतण दिलं, पहाटे रोप आणलं, माळ करून ठेवली. सकाळ गेली, कुणी आलं नाही. दुपारी कळलं की तो माणूस आदल्या रात्रीच गेला. ज्याच्या नावाने माळ केली ती दुसऱ्याला चालत नाही, म्हणून मी ती ओसरीतल्या खुंटीला अडकवली आणि विसरले.

पुढच्या आठवड्यात ओसरी सारवता सारवता कंबर सरळ करायला उठले तेव्हा माझ्या डोक्याला काहीतरी लागलं. वर बघितलं. खुंटीला आखूड बांधलेली ती माळ वीतभर खाली आली होती. मुळं सुकून बारीक झाली होती, सुताचे फास ढिले पडले होते, आणि ढिल्या सुताने माळ लांबली होती. माणूस गेला होता आणि त्याची कावीळ उतरत होती.

मी शेणाच्या हातांनी तिथेच खाली बसले. आठ वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले. आठ वर्षांचा उपास. मुक्याने चाललेल्या वाटा. अंगात ताप असतानाही मी बांधावर गेले होते, तिसऱ्याच्या वेळी पोट पुढे आलेलं असताना गेले होते. हे सगळं वाळलेल्या मुळीसाठी. रडू आलं नाही, राग आला, आणि त्याहून जास्त थकवा आला. मी ठरवलं की येत्या रविवारी ओट्यावर उभं राहून ही माळ सगळ्यांना दाखवायची, ती आपोआप लांबते म्हणून सांगायचं, आणि सुटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ झाकून झाकून माझीच बोटं दुखत होती.

सासूबाई ओसरीच्या कोपऱ्यात बसून तूर निवडत होत्या. दिसत नव्हतं तरी खडा त्यांच्या बोटांना बरोबर लागे. मी म्हणाले, "आत्याबाई, माळ खुंटीवर बी उतरस."

"उतरस," त्या म्हणाल्या. "माले ठाऊक शे."

एवढंच. हात थांबलासुद्धा नाही. मी वाट बघितली की काही सांगतील, रागावतील, निदान गप्प बस म्हणतील. त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला आणि पुढचं सूप ओढलं. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की मी उरलेली ओसरी न सारवता उठून गेले. तीस वर्षं या बाईने माहीत असून लोकांना फसवलं आणि मग ते ओझं उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं, असंच मला वाटलं.

रविवारी मी साटोडी आणायला गेले, पण ती सवयीने. मनात शेवटची म्हणूनच गेले होते. ओट्यावर त्या दिवशी एकच गाडी होती. तापीपलीकडची एक धिप्पाड सासू आणि तिची सून. सून सोळा-सतराची असेल. गाडीतून उतरताना तिने चाकाला हात धरला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"देख बाई, कावीळ शे का हिले," सासू म्हणाली. "उठता-बसता थकी गयी म्हनस. नही ते नुसतं नाटक करी ऱ्हायनी."

मी पोरीला उन्हाकडे तोंड करून बसवलं, खालची पापणी ओढली. डोळा पांढरा होता. जीभ बघितली, नखं बघितली. कावीळ कुठेच नव्हती. मग तिचे तळहात दिसले. जात्याच्या खुंट्याने फोड आलेले, फुटलेले, त्यावर पुन्हा आलेले. आणि पदर सरकला तेव्हा दिसलं की चोळीवर दुधाचे ओले डाग आहेत. कडेवर मूल नव्हतं.

माझी नजर कुठे गेली ते सासूने बघितलं. "पोऱ्या गया," ती म्हणाली. "पंधरा दिन व्हयनात. पन घरनं काम ते थांबत नही ना." ती वाईट बाई नव्हती. तिच्या घरीही चौदा माणसांच्या भाकरी असतील.

पोर माझ्याकडे बघत होती. काही मागत नव्हती. दावणीला बांधलेली गाय बघते तशी नुसती बघत होती. मी 'नाही' म्हटलं असतं तर ती उद्या पहाटे पुन्हा जात्यावर बसली असती. हे मला स्वच्छ दिसलं, आणि त्याचबरोबर दुसरंही दिसलं, जे मला आठ वर्षांत दिसलं नव्हतं. थकलेल्या सुनेला नऊ दिवस खाटेवर पडू द्यायला आमच्या मुलखात कुणाच्याही तोंडचा शब्द पुरत नाही. गळ्यात माळ असेल तरच तिला कुणी उठवत नाही. ताक, भुईआवळा आणि पडून राहणं हे खरं औषध होतं, आणि माळ होती त्याची राखण. माझ्या सासूबाईंना खुंटीवरच्या माळेचं नवल का वाटलं नाही, हे मला तेव्हा कळलं.

"कावीळ शे," मी म्हणाले. "मुरेल शे, म्हनीसन डोयामा दिखत नही. नऊ दिन तिले दयन नही, पानी नही, चूल नही. काम करं ते माळ उलटी चढस."

उलटी चढते हे मी जागच्या जागी रचलं. सासूने कानाला हात लावला. मी माळ बांधली, आणि त्या दिवशी सुताचे फास नेहमीपेक्षा जास्त आवळले.

नवव्या दिवशी गाडी पुन्हा आली. सासू तणतणतच उतरली. "तुन्ही माळ काही उतरत नही, बाई. नऊ दिन व्हई गयात, तठेच शे."

खरंच माळ गळ्याशीच होती. असं कधी झालं नव्हतं; वाळली की लांबणारच. मी पोरीच्या गळ्याला हात लावला. मुळं ओली होती. टचटचीत, कालच उपटल्यासारखी. एका तुकड्याला तर पोपटी कोंब फुटला होता. तिच्या मानेवरून पाण्याचा एक ओघळ चोळीत गेला आणि पोरीने डोळे खाली घातले. कुणी न सांगता तिला ते कळलं होतं. रोज ती माळ भिजवत होती.

चेहऱ्यावर मात्र आता थोडं रक्त दिसत होतं. हातावरचे फोड बसले होते.

"फार मुरेल शे," मी तिच्या सासूला म्हणाले. "आखो नऊ दिन."

गाडी गेल्यावर मी आत आले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. ओली मुळं, फुटलेला कोंब, खाली घातलेले डोळे. सांगता सांगता मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी हसत होते. हसता हसता कधी रडू लागले ते मला समजलं नाही. त्या पोरीसाठी नव्हतं ते. मला त्या पोरीचा हेवा वाटत होता. मी किती जणांना खाटेवर निजवलं, आणि मला निजवणारं कुणी नव्हतं. माळ बांधणारीला स्वतःच्या गळ्यात माळ बांधता येत नाही.

सासूबाई हसल्या नाहीत. "कितला दिन दिधात तिले?" त्यांनी विचारलं.

"आखो नऊ."

"बरं कयं," त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या.

संध्याकाळी घरातले पुरुष जेवायला बसले, मी वाढत होते, धाकटी जाऊ भाकरी करत होती. तेवढ्यात सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. दिवा उचलून माझ्या तोंडासमोर धरला, माझी पापणी खाली ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिना डोया पिवया पडनात."

माझ्या नवऱ्याचा घास हातात राहिला. "माय, तुले दिसस का?"

"इतलं दिसस माले," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या नातवाचं बोट धरून स्वतः बांधावर गेल्या. गुण दिलेला हात रिकामा असतो, हे त्यांनीच मला बजावलं होतं; त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. नुसत्या बोटांनी चाचपत एकेक फास आवळायला त्यांची सकाळ गेली. जावेने तोंड वाकडं केलं आणि पीठ मळायला घेतलं. माळ गळ्यात पडली आणि मी खाटेवर आडवी झाले. पहिले दोन दिवस नुसती झोपत होते. पिणारं पोर कुणी अंगाशी आणून ठेवी, कुणी उचलून नेई, कोण ते मी बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे गळ्याशी गार लागलं म्हणून जाग आली. ओल्या बोटांनी कुणी माझ्या माळेचा एकेक तुकडा चाचपत होतं. एक भिजवून झाला की पुढचा. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी. तांब्या जमिनीवर हळूच टेकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ओसरीत जातं फिरायला लागलं, थांबत थांबत, जुन्या हातांचं. उठून तो खुंटा त्यांच्या हातातून घ्यावा असं मनात आलं. मी डोळे मिटून पडून राहिले.

माझी माळ उतरायला अठरा दिवस लागले.