लिसडालच्या वाटेवरचे गवत

“तिथे रस्ता आहे की नाही, एवढंच सांग,” डग म्हणाला.

डग माझा बॉस. मी स्क्रीनवर पाहिले. आमच्या काउंटीच्या नकाशात त्या जागी रस्ता नव्हता. एका बाजूला मक्याचे मोठे शेत, दुसऱ्या बाजूला ओढा आणि ओढ्याच्या काठी छोटीशी दफनभूमी. तिथपर्यंत जाणारी एकही रेघ नव्हती.

“आपल्या रोड लेयरमध्ये काही नाही,” मी म्हणाले.

“मग तसं टाउनशिपला कळवून टाकू?”

मी ‘हो’ म्हणणार होते. ‘हो’ म्हणणे मला नेहमीच सोपे जाते. पण डगच पुढे म्हणाला, “एका बाईंच्या नवऱ्याचं दफन अडलंय त्यामुळे. जानेवारीत गेला तो.”

तेव्हा एप्रिल चालू होता.

आधी माझ्या कामाविषयी थोडे सांगते. मी अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका ग्रामीण काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कचेरीत जीआयएसचे, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचे, काम करते. या नकाशात पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे थर असतात. एका थरावर जमिनींच्या हद्दी, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर ओढे-नाले. या थरांना आम्ही लेयर म्हणतो. नागपूरला मी कॉलेजात भूगोल शिकवत असे. इथे आल्यावर बरीच वर्षे घरीच गेली. पन्नाशीला आल्यावर कम्युनिटी कॉलेजात हा कोर्स केला आणि ईडन प्रेरीतल्या घरून रोज लांबचा ड्राइव्ह करून ही नोकरी धरली. ऑफिसात सर्वांत नवी मी आणि वयाने सर्वांत मोठीही मीच. त्यामुळे मीटिंगमध्ये मी सहसा बोलत नाही.

आता लिसडालविषयी. हे गाव खरे तर एकदा उठून चालत गेलेले आहे. नॉर्वेहून आलेल्या लोकांनी ते ओढ्याकाठी वसवले. पिठाची गिरणी होती, चर्च होते, एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरे. पुढे रेल्वे आली, पण ती गावापासून दूर, उत्तरेच्या उंचवट्यावरून गेली. रेल्वे गावाकडे येईना, म्हणून गाव रेल्वेकडे गेले. हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठली की घराखाली ओंडके सारायचे, घोडे जुंपायचे आणि अख्खे घर ओढत न्यायचे. चर्चसुद्धा असेच गेले. दफनभूमी तेवढी मागे राहिली. नंतर रेल्वेही बंद झाली आणि रूळ उखडले गेले. आज नव्या लिसडालमध्ये धान्य साठवायचा उंच मनोरा, म्हणजे एलेव्हेटर, चर्च, एक बार आणि टाउनशिपचा हॉल एवढेच उरले आहे. टाउनशिप म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीची धाकटी बहीण समजा. तिच्याकडे मुख्यतः रस्त्यांचे काम असते.

जुन्या गावाची जमीन शेत म्हणून या हातातून त्या हातात विकली जात राहिली. शेवटी ती बाहेरच्या एका शेती कंपनीने घेतली आणि मार्चमध्ये दफनभूमीकडे जाणाऱ्या वाटेवर लोखंडी गेट लावले. त्या वाटेने मोटरसायकली घुसत आणि शेतात चाके फिरवत, अशी कंपनीची तक्रार होती. ती खोटी नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी तिकडे गेले. खरे तर ऑफिसात बसूनही उत्तर देता आले असते. पण भूगोल शिकवताना मी मुलांना नेहमी सांगत असे की नकाशा म्हणजे जमीन नव्हे. आता स्वतःच ते न पाळणे बरे दिसले नसते.

गेटपाशी लॉरेन, म्हणजे डगने सांगितलेल्या त्या बाई, उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, डोक्याला रुमाल. मनात मी त्यांना काकूच म्हणत होते. तोंडाने लॉरेन म्हणावे लागे, कारण इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात.

“तुम्ही काउंटीच्या का?”

“हो. मी शोभा. नकाशाचं काम करते.”

“मग जपून चाला. नकाशात नसलेला चिखल आहे पुढे.”

कंपनीने पायी जायला मनाई केली नव्हती. आम्ही गेटच्या कडेने आत शिरलो. वाट ओढ्याच्या काठाने तिरकी जात होती. या भागातले सगळे रस्ते मैलामैलाच्या चौकटीत, अगदी काटकोनात आखलेले असतात. इथे तिरके काही दिसले की ते नदीने, रेल्वेने किंवा घाईत असलेल्या माणसांनी केलेले असते, असे आमच्या धंद्यात मानतात. वाटेच्या दोन्ही अंगांना लायलॅकची जुनी झुडपे ओळीत उभी होती. त्यांना अजून पाने फुटली नव्हती.

“प्रत्येक घरापुढे एक झाड लावत,” लॉरेन म्हणाल्या. “घरं नेली. झाडं कोण नेणार?”

दफनभूमीत त्यांनी मला एक लहानसा दगड दाखवला. त्यांची पहिली मुलगी तिथे होती. शेजारची जागा आर्नची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची. इथे कडक हिवाळ्यात जमीन खणता येत नाही, म्हणून काही ठिकाणी शवपेटी एका बंद दगडी खोलीत ठेवतात आणि वसंतात दफन करतात. हे मला तोवर ठाऊक नव्हते. आर्न तसा वाट पाहत होता. शववाहिका चिखलातून आणि गेटातून आणायची, तर रस्ता हवा. प्रत्येक वेळी कंपनीकडे परवानगी मागायला लॉरेन तयार नव्हत्या.

“शहरातली दफनभूमी छान आहे म्हणतात,” त्या म्हणाल्या. “पण तिथे त्याच्या ओळखीचं कोणी नाही. आणि मला तरी कुठे सोय करतील? आज परवानगी दिली, माझ्या वेळी नाही दिली, तर?”

मी वाकून त्या लहान दगडावरची वाळकी पाने बाजूला केली. मला वाटते, त्यांना ते चालले.

परतताना मी सहज विचारले, “इथलं गवत कोण कापतं? वाट मोकळी दिसते.”

“गॉर्डी कापतो. चांगला मुलगा आहे.”

ऑफिसात येऊन मी हवाई छायाचित्रे काढली. आमची काउंटी वसंताच्या अगदी आरंभी फोटो काढते. तेव्हा झाडांना पाने नसतात आणि घरे, रस्ते स्पष्ट दिसतात. पण गवत तेव्हा सगळीकडे सारखेच तपकिरी असते. त्यामुळेच आमच्या नकाशात ही वाट कधी उतरली नव्हती. सरकारी शेतीखाते मात्र पिके पाहण्यासाठी भर उन्हाळ्यात फोटो काढते. त्यात मका गर्द हिरवा होता आणि त्यातून एक फिकट, तिरकी रेघ गेली होती. दफनभूमीपाशी तिला एक गोल वळण होते, गाडी फिरवून घ्यावी तसे. उन्हाळ्याचा जो जो फोटो उघडावा त्यात ती रेघ होती. गवताळ वाट एवढ्या वर्षांत आपोआप मोकळी राहत नाही.

“पण याने काही सिद्ध होत नाही,” डग म्हणाला. “कुणी शेतकरी हौसेने कापत असेल. कायदा काय म्हणतो, माहीत आहे ना? लोक वापरत असले पाहिजेत आणि टाउनशिपने सलग काही वर्षं देखभाल केलेली असली पाहिजे. तरच तो सार्वजनिक रस्ता. मीटिंगला जा, फोटो दाखव. मत देऊ नकोस.”

मत देऊ नकोस, हे मला सांगावे लागत नाही.

टाउनशिपची मीटिंग त्यांच्या हॉलमध्ये झाली. मागच्या टेबलावर कॉफी आणि बार्स, म्हणजे ट्रेमध्ये भाजून वडीसारखे चौकोनी कापलेले गोड पदार्थ. लॉरेन पहिल्या ओळीत बसल्या होत्या. त्यांच्यामागे कंपनीचा मॅनेजर ट्रॅव्हिस, तरुण, नम्र आणि थोडा घाबरलेला. समोर चेअरमन व्हर्नन आणि टाउनशिपच्या वकीलबाई.

वकीलबाईंनी सरळ मुद्द्याला हात घातला. “या वाटेची देखभाल टाउनशिपने कधी केली आहे का?”

व्हर्नन सरळ माणूस होता आणि न केलेल्या कामाचे श्रेय घ्यायची त्याची तयारी नव्हती.

“नाही,” तो म्हणाला. “तसं म्हणता येणार नाही.”

लॉरेन यांनी मांडीवरच्या हातमोज्यांची घडी घातली. वकीलबाईंनी काहीतरी टिपून घेतले. “मग माझ्यापाशी फारसं काही उरत नाही,” त्या म्हणाल्या.

मी फोटो दाखवले. लोकांनी माना डोलावल्या. “चांगले आलेत,” मागून कोणीतरी म्हणाले. मी खाली बसले.

मग व्हर्ननने नेहमीचा रस्त्यांचा रिपोर्ट मागितला. कॅप काढून एक साठीचा माणूस उभा राहिला. कोणत्या रस्त्यावर माती सपाट करणारा ग्रेडर फिरवला, कुठे खडी टाकली, हे तो सांगू लागला. दफनभूमीच्या वाटेचे नाव त्यात नव्हते.

“थँक्यू, गॉर्डी,” व्हर्नन म्हणाला.

हा गॉर्डी? लॉरेन यांच्या तोंडच्या ‘चांगला मुलगा’वरून मी एखादा शेजारचा तरुण डोळ्यांसमोर आणला होता. हा तर टाउनशिपचा नोकर निघाला.

मी हात वर केला. हात वर करावा की उभे राहावे हे न ठरल्यामुळे दोन्ही अर्धवट झाले.

“गॉर्डी, दफनभूमीच्या वाटेवरचं गवत तुम्ही कापता ना?”

“हो. मेमोरियल डेच्या आधी. लोक फुलं घेऊन येतात त्या दिवशी. मग उन्हाळ्यात आणखी एकदा, जमलं तर.”

“कोणत्या ट्रॅक्टरने?”

“टाउनशिपच्या. माझा तर केव्हाच मेला.”

“आणि डिझेल?”

गॉर्डीने व्हर्ननकडे पाहिले. व्हर्नन छताकडे पाहू लागला.

“टाउनशिपच्या टाकीतलं,” गॉर्डी म्हणाला. “पण फार लागत नाही.”

वकीलबाईंनी खाली ठेवलेले पेन पुन्हा उचलले. “किती वर्षं?”

“मी लागलो तेव्हापासून. माझ्याआधी लायल कापायचा. तो म्हणाला, हेही करायचं असतं.”

“आणखी काही करता तिथे?”

“नाही. काही नाही.” थोडे थांबून तो म्हणाला, “ओढ्यापाशी चिखल होतो. तिथे उरलेली खडी टाकतो. कुठेतरी टाकायचीच असते ती.”

“दरवर्षी?”

“चिखल दरवर्षी होतो.”

“आणि वाटेखालची ती पाण्याची मोरी?” मागून तोच मघाचा आवाज आला. “मोरीचा पाईप नाही का बदलला तू?”

“तो व्हर्ननने दिला.”

“जुना होता,” व्हर्नन घाईने म्हणाला. “शेडमागे पडून होता नुसता.”

वकीलबाई त्याच्याकडे वळल्या. “मिस्टर चेअरमन, देखभाल केली नाही असं तुम्ही मघाशी म्हणालात.”

“याला देखभाल म्हणतात हे मला माहीत नव्हतं,” व्हर्नन म्हणाला. “आपली माणसं आहेत तिथे. त्यांच्याकडचं गवत वाढू द्यायचं का?”

ट्रॅव्हिसने हळूच हात वर केला.

“हा सार्वजनिक रस्ता ठरला, आणि उद्या कोणी घसरून पडलं, तर जबाबदारी कोणाची?”

“रस्ता टाउनशिपचा,” वकीलबाई म्हणाल्या. “शेतात मोटरसायकली शिरल्या तर शेरीफच्या पोलिसांना फोन करा. पण रस्त्यावर पडणारा माणूस तुमच्या डोक्यावर नाही.”

“मग मला गेट कशाला हवंय?” ट्रॅव्हिस म्हणाला. “मला वरच्यांना विचारावं लागेल. पण त्यांना तेवढीच भीती होती.”

लॉरेन वळून त्याला म्हणाल्या, “बार्स घेतलेस का रे? बसल्यापासून नुसता बसला आहेस.”

ट्रॅव्हिसच्या वरच्यांनी थोडे दिवस घेतले, पण हरकत घेतली नाही. टाउनशिपने ठराव केला. गेट निघाले. गॉर्डीने चिखलावर खडी टाकली. या खेपेस ती उरलेली नव्हती, मुद्दाम आणलेली होती.

आर्नचे दफन मे महिन्यात झाले. डगने मला रजा टाकू दिली नाही. ‘साइट व्हिजिट लिही, कामातच धरू,’ म्हणाला. लायलॅक फुलले होते. दोन्ही बाजूंना जांभळ्या ओळी होत्या आणि त्यांच्यामधून शववाहिका सावकाश चालली होती. जुन्या लिसडालचा रस्ता कुठून कुठवर होता, हे त्या दिवशी कोणालाही सांगता आले असते. गॉर्डी कडेला कॅप हातात धरून उभा होता.

लॉरेन माझ्यापाशी आल्या. “आर्नला कुठेही उशिरा पोहोचलेलं खपत नसे,” त्या म्हणाल्या. “आज बोलला नाही काही.” मग माझ्या दंडावर हात ठेवून त्यांनी विचारले, “तुम्ही त्या मीटिंगआधी कधी मीटिंगमध्ये बोलला होता का?”

“फारसं नाही.”

“वाटलंच. छान झालं, बरं का.”

त्या भागात यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

निघताना गॉर्डी म्हणाला, “तुमच्यामुळे आता मला या गवताचं टाइमशीट भरावं लागतं.”

“सॉरी,” मी म्हणाले.

“आधी बरं होतं. कापलं की झालं.”

ऑफिसात येऊन मी ती तिरकी रेघ रोड लेयरमध्ये काढली. प्रत्येक रस्त्यासोबत त्याची माहिती भरावी लागते. पृष्ठभाग: गवत, काही भाग खडी. देखभाल कोणाची, या जागी मी आधी ‘गॉर्डी’ असे लिहिले. मग खोडून ‘टाउनशिप’ केले. सिस्टिम माणसांची नावे घेत नाही.

या कामातून मी एक गोष्ट शिकले आणि आता नव्या इंटर्नना ती सांगते. चांगल्या माणसांना ‘तुम्ही इथे काय काम केलंत’ असे विचारले, तर ते ‘काही नाही’ म्हणतात. म्हणून ट्रॅक्टर कोणाचा, ते विचारावे.