रजेवरचा भाऊ आणि ऑफिसची कॅब

त्या रात्री माझ्या ऑफिसच्या कॅबमध्ये चार जागा रिकाम्या होत्या. हे मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

सीमेवर गोळीबार चालू होता. धाकट्या भावाला कशीबशी आठ दिवसांची रजा मिळाली होती, तीही कधीही परत बोलावू या अटीवर. दोन दिवस तर रेल्वेनेच खाल्ले. मध्यरात्रीच्या सुमारास स्टेशनवर उतरून त्याने फोन केला, "अक्का, शेवटची बस समोर उभी आहे. चढू का?" माझी शिफ्ट मल्लेश्वरमला नुकतीच सुटली होती, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत, आणि स्टेशन वाटेवरच. मी मोठी शहाणी! म्हटलं, "सोड ती बस. एवढी ट्रंक घेऊन कुठे लोंबकळतोस? मी येते गाडी घेऊन."

रात्री बायकांना घरी सोडताना आमच्याकडे कॅबमध्ये एक गार्ड असतो. गाडी स्टेशनबाहेर थांबली, भावाने ट्रंक उचलली आणि गार्ड खाली उतरून दारात आडवा उभा राहिला.

"बाहेरचा माणूस चालत नाही, अक्का."

"अहो, सख्खा भाऊ आहे माझा! मिलिटरीतून आलाय!"

गार्डने ऑफिसला फोन जोडून दिला. पलीकडचा सुपरवायझर थंडपणे म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. मग मीही इथेच उतरते म्हटलं, तर तेही नाही. बाईला तिच्या दारातच सोडायचं, नाहीतर गार्डची नोकरी जाणार. त्याच दुपारी याच ऑफिसात आम्हाला जवानांसाठी दोन मिनिटं उभं केलं होतं. माझं डोकं फिरलं. भावानेच समजूत घातली, "जा तू, अक्का. त्यांच्या पोटावर पाय नको. आईला सांग, स्वल्प उशीर होईल म्हणून."

मी निघाले; शेवटची बस तर केव्हाच गेली होती. मागे स्टेशनवर टॅक्सीवाले यायचे, ट्रंक बघायचे, डिकीत गॅसची टाकी आहे म्हणून निघून जायचे. तो सकाळी सातला घरी पोहोचला, पहाटेच्या बसनेच. आई रात्रभर दाराशी बसलेली. अकराला त्याच्या युनिटचा फोन आला, ताबडतोब निघा. आईच्या वाट्याला चार तास आले. बाकीची रात्र मी घालवली, मी आणि त्या नियमाने.

पुढच्या आठवड्यात ऑफिसचा मेल आला. भिंतीवर लावायला भावाचा वर्दीतला फोटो द्या, आम्हाला त्यांचा अभिमान आहे. मी एका ओळीत उत्तर धाडलं: बाहेरचा माणूस चालत नाही.