दहा रुपयांचा बाजार

सोनकांबळे बाई भाव विचारल्याशिवाय राहत नसत. कुणाचा नवा शर्ट दिसला की "केवढ्याला?" आजाऱ्याला भेटायला गेल्या तरी सलाईन कितीला पडलं ते विचारून यायच्या. उदगीरच्या बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत मी विशेष शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी खोलीचं भाडं विचारलं. मी सांगितलं. "फसलात सर," त्या म्हणाल्या.

आठवडी बाजाराच्या दिवशी त्या प्रत्येक मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवून सगळ्यांना बाजारात न्यायच्या. मुलांनी स्वतः वस्तू मागायची, पैसे द्यायचे, उरलेले मोजून घ्यायचे. "फळ्यावरचे दहा येगळे, हातातले दहा येगळे," असं त्यांचं म्हणणं.

माझं गणित मोबाईलवर चाले. कुठल्या देशात विशेष शिक्षकाला किती मिळतं, हे मला तोंडपाठ होतं. आमचा पगार लांबला की मी कॅनडातला पगार रुपयांत करून बघायचो. त्या समाधानात दोन दिवस निघायचे. एकदा वहीत पक्का हिशेब मांडून बाईंना दाखवला. पाच वर्षांत लातूरला बंगला आणि दारात गाडी.

बाईंनी चष्मा लावून वही वाचली. "सर, पगार कॅनडाचा धरला अन् भाजी उदगीरची. तिकडं ह्या भावात भेंडी कोण द्यायलंय?"

खरंच, खर्चाच्या बाजूला मी इथलंच दूध, इथलंच भाडं आणि इथल्याच न्हाव्याची दाढी लिहिली होती. बाईंनी मुलांना शिकवायची चित्रांची कार्डं काढली आणि मला मुलांच्या बाकावर बसवलं. मी तिकडचे भाव सांगायचे, त्यांनी घर, दवाखाना, बस अशी एकेक वस्तू पगारातून वजा करायची. बंगला गेला, गाडी गेली. शेजारी बसलेली आमची विद्यार्थिनी सखू पोट धरून हसत होती.

"तरीबी इथल्यापरीस जास्तच उरतंय," बाई शेवटी म्हणाल्या. "जावा सर. खुशाल जावा."

मी तयारीला लागलोही, पण तिकडं जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा आपटलो. मग मुलांसाठी परदेश सोडला असं सांगत सुटलो. शिक्षकदिनाच्या भाषणातही ठोकून दिलं. खरं फक्त बाईंना माहीत होतं आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली. मी खाली उतरल्यावर हळूच म्हणाल्या, "परीक्षेची फी किती गेली?"

गेल्या दिवाळीनंतर बाई हृदयविकारानं अचानक गेल्या. पुढच्या बाजाराला मुलं सवयीनं दारात ओळ करून उभी राहिली. मी कारकुनाकडे बाजाराचे पैसे मागायला गेलो.

"कसले पैसे?" तो म्हणाला. "तसलं खातंच न्हाई, सर. बाई पदरचेच द्यायच्या. लई वर्सं झाली."

बाईंचा पगार माझ्याएवढाच होता आणि माझ्याएवढाच उशिरा व्हायचा. सात देशांतल्या शिक्षकांच्या पगारात काय काय येतं ते मला ठाऊक होतं. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंच्या पगारात काय येतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

बाहेर आलो. बावीस मुलं होती. सांगायला लाज वाटते, पण पाकिटाला हात घालण्याआधी मी बावीस गुणिले दहा मनात करून पाहिलं.

ओळीत पहिली सखू होती. तिनं हात पुढं केला.

"बाई दहा देत्यात," ती म्हणाली.