पेटीतला पहिला खण

लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, कुणी अडकित्ते जमवतं. आमच्या घरात टाक जमवले जात. देव्हाऱ्यातले चांदीचे छोटे पत्रे, त्यावर ठोकून काढलेला देव, नाहीतर घरातलं गेलेलं माणूस. रोज धुऊन-पुसून त्यांचे चेहरे झिजतात, मग लोक सोनाराकडून नवे करून घेतात आणि जुने मोडीत देतात. ते मुशीत जायच्या आधी आमचे हे उचलून आणत.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. हे कॅनॉलवर इन्स्पेक्टर होते. बारामतीपासून इंदापूरपर्यंत पाटाच्या कडेनं सायकलवर फिरायचे आणि प्रत्येक गावचा सोनार यांच्या ओळखीचा. आमचं बिऱ्हाड इंदापुरात होतं. सुताराकडून यांनी एक पेटी करून घेतली होती, आत सारखे खण, खणात कापूस, कापसावर एकेक टाक आणि सोबत गावाची चिठ्ठी. रविवारी दुपारी पांढऱ्या पंच्यावर सगळे मांडून बसायचे. मला तो रविवार नको वाटायचा. नाक गेलेले, तोंड गेलेलं, नुसते डोळ्यांचे दोन ठिपके उरलेले चाळीस चेहरे आढ्याकडे बघत पडलेले. दुपारी घरात मी एकटी असले की पेटीतून बारीक टक्-टक् यायची. हे म्हणायचे, उन्हानं लाकूड तडकतं. तडकत असेल. पण ते मी स्वयंपाकघरात जेवायला बसले की बरोबर कसं तडकायचं, हे मला कुणी सांगितलं नाही.

पहिला खण मात्र कधी उघडला जात नसे. त्यात कापसाखाली काहीतरी तांबड्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. विचारलं तर म्हणायचे, "तो नमुना बिघडलाय."

मी यांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली, मूलही गेलं. आमच्याकडची रीत अशी, की दुसरीनं पहिलीचा टाक करून गळ्यात घालायचा. सवतीचा टाक. घास आधी तिला दाखवायचा, कुंकू आधी तिला, नवं लुगडं आधी तिच्या अंगाला लावायचं, मग आपण. माझ्या लग्नात सासूबाईंनी हट्ट धरला होता. हे चिडले. "असली थेरं माझ्या घरात चालणार नाहीत," म्हणाले. घरात चाळीस टाक आणि बायकोच्या गळ्यात एक चालत नाही! मी मनात पुष्कळ बोलले, तोंडानं काही नाही.

मग माझी दोन पोटं पडली. दोन्ही चौथ्या महिन्यात. सासूबाई जळोचीहून आल्या, माझ्या उशाशी बसून म्हणाल्या, "तिला घास न्हाय, पाणी न्हाय. ती तरी तुझं कसं टिकू दील?"

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी भिऊन अर्धी झाले होते. चौथा लागला त्या आठवड्यात हे कन्हेरीकडे गेले होते. मी पेटी उघडली. एका टाकाला वर कडी होती, म्हणजे तो गळ्यातला, सवतीचाच. त्यावर बाई होती एवढं कळत होतं, चेहरा पार पुसलेला. मला वाटलं, चेहरा नाही तर कुणाचाही म्हणता येईल. सवत ती सवत. काळ्या दोऱ्यात ओवून मी तो चोळीच्या आत घातला आणि त्या दिवसापासून तिच्याआधी घास घेतला नाही. रविवारच्या मांडामांडीपुरता तो खणात परत ठेवायची, उरकलं की पुन्हा गळ्यात. पेटीतली टक्-टक् थांबली.

चौथा गेला, पाचवा गेला, सहावा गेला. पोटातलं हलायला लागलं. फक्त एक झालं. मला गूळ चालेना. जन्मभर भाकरीवर गूळ खाल्लेली मी, आणि आता गुऱ्हाळाचा वास आला की ओकारी. लोक म्हणाले, डोहाळे. मीही तसंच म्हटलं.

सातव्यात एके दुपारी दारात एक म्हातारी आली. कळसहून आली होती, कुणाच्यातरी गाडीतून. पाणी दिलं ते प्याली नाही. म्हणाली, "आमची थोरली तुमच्याकडं हाय. सोनारानं सांगितलं."

थोरली म्हणजे तिची सवत. चाळीस वर्षं हिनं तिला गळ्यात बाळगलं होतं. ही तापानं फणफणली असताना पुतण्यानं जुने टाक मोडीत घालून नवे चकचकीत करून आणले. "नवी चांगली हाय, पन ती कोन कुठली? मी तिला घास कसा दिऊ? सा म्हैने झालं, माझ्या घशाखाली नीट उतरत न्हाय."

मी म्हणाले, "आजी, इथं नाही." पोटावर हात ठेवून खोटं बोलले मी. द्यायचा म्हणजे पोटातलं द्यायचं, असंच मला वाटत होतं.

म्हातारीनं माझ्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडे बघितलं. रागावली नाही. हळूच म्हणाली, "घास देतीस न्हवं?"

मी मान डोलावली.

"गूळ नगं दिऊ बाई. तिला गूळ सोसायचा न्हाय."

म्हणजे ते डोहाळे माझे नव्हतेच. मी दोरा काढायला गेले, गाठ सुटेना, शेवटी तिनंच सोडवली. टाक डोळ्यांना लावून तिनं पदरात बांधला. मग मी पुढं केलेलं पाणी आधी त्याला दाखवून घटाघटा प्याली. उंबऱ्यात वळून म्हणाली, "ही तुझी न्हवती. तुझी हितंच कुठंतरी उपाशी बसली आसंल. तिला बघ."

ती गेली आणि पेटीत टक् झालं.

संध्याकाळी हे आले. नवा टाक ठेवायला पेटी उघडली आणि रिकामा खण बघून ओरडले. मग मी ओरडले. दोन वर्षांचं सगळं ओरडले, दोन्ही पोटांसकट. "सगळ्या गावाच्या मेलेल्या बायका गोळा केल्यात, आणि आपली तेवढी सोडलीत!"

हे खाली बसले. मग यांनी पहिला खण उघडला, तांबडं फडकं सोडलं. आत कडीचा टाक होता. बाईचा. कुणी कधी धुतला नव्हता, म्हणून नाक, डोळे, ओठ सगळं जसंच्या तसं. नाकात नथ होती, तीच, जी लग्नापासून माझ्या नाकात होती.

"आपल्या लग्नाआधीच करून आणला होता," हे म्हणाले. "पण तिला रोज तुझ्या गळ्यात बघणं मला जमेना. आणि तिला एकटीला पेटीत ठेवणंही जमेना."

म्हणून बाकीचे. छंद नव्हताच तो, तिला सोबत होती. मला यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. मी टाक धुतला, गळ्यात घातला, ताट वाढलं आणि विचारलं, "तिला काय आवडायचं?"



"गूळ," म्हणाले.

मी ढेपेचा खडा फोडला, आधी तिला दाखवला, मग डोळे मिटून तोंडात टाकला. वाटलं ओकेन. पण गोड लागला, लहानपणी लागायचा तसा.

मुलगी झाली. जगली. दात येण्याआधीपासून गुळाच्या डब्याकडे बोट दाखवायची. हे तिला खडा द्यायचे आणि ती तो चघळत असताना तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. मी ते बघायची आणि डब्यातला दुसरा खडा आधी गळ्यातल्या तिला दाखवायची.