अर्थ नसलेले दिवे

३ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. प्रयोगशाळेत यंत्राच्या चौकटीवरचा रंग खरवडताना लोखंडाचा कोरडा वास आला आणि अंबरनाथच्या आमच्या इमारतीखालची ती दुपार आठवली.

आई आरोग्यसेविका. बारवी धरणाजवळच्या पाड्यांवरून परतताना जंगलातल्या वळणांवर मोटारसायकलचा एकच दिवा अपुरा पडे. म्हणून कॅम्प चारच्या बाजारातून आणलेले दोन जादा दिवे ती स्वतः जोडत होती. बटण दाबले, दिवे लागले नाहीत.

"याला अर्थच नाही," ती म्हणाली.

मी हिरमुसले. "हरलीस? मग अंधारातून येणार कशी?"

"अगं शहाणे, अर्थ म्हणजे अर्थिंगची ही काळी वायर! रंगावर बसलीय, बॉडीला टेकतच नाहीये."

तिने नट सोडवला, चाकूने रंग खरवडला, वायर उघड्या लोखंडावर आवळली. दोन्ही दिवे लखकन लागले. आजही यंत्र अडले की मी प्रथम तिच्यासारखा अर्थच तपासते.

तिने इंजिन सुरू केले. "मीटर लाव. दिवे चालू असताना बॅटरी तेराच्या वर राहिली, म्हणजे ती चार्ज होतेय; मग माझी काळजी सोड."

मी वाचले: १३.६ व्होल्ट.