हात लावून ओळखणारं

नाना, आम्ही गाव सोडलं तेव्हा बाबांचे थोरले भाऊ म्हणून तुम्हीच बसपर्यंत आलात. मी नऊ वर्षांची होते. खिडकीत हात घालून तुम्ही बाबांना म्हणालात, "भाऊ, पोरले शिकाडजो." बाबा ते विसरले नाहीत.

सुरतेत नवागाम वस्तीत एक खोली मिळाली. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये बाबा रंगाआधीचं कोरं कापड धुवायचे. सुतावरची खळ पुरती निघाली नाही तर रंग धरत नाही. इतर जण पाण्याचा थेंब टाकून तपासत. बाबा नुसता अंगठा फिरवत आणि खळ राहिलेला तागा बाजूला काढत.

आता पीएचडीसाठी मी इथल्याच प्रयोगशाळेत प्रथिनाचा एक छोटा भाग अभ्यासते, ब्रोमोडोमेन. पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनच्या शेपटांवर रासायनिक खुणा असतात. त्यांतली एक ठरावीक खूण ब्रोमोडोमेनच्या खाचेत बसते. मग प्रथिन तिथे टिकून राहतं आणि जवळची जनुकं कामाला लागतात. एका रविवारी हे घरी सांगितलं. बाबांना ते आपल्यासारखंच वाटलं. अंगठ्याकडे बघत म्हणाले, "मंग ते मनामायकच काम करस. हात लाईसन वळखस." आई म्हणाली, "त्याले बी बारा तासनी पाळी शे का?"

बाबा गेले. पाचव्या दिवशी, सुतकातच, मी प्रयोगशाळेत निघाले. खाचेतलं एकच अमिनो आम्ल बदलून मी प्रथिन बनवलं होतं. ते आणखी टिकणार नव्हतं. कित्येक महिन्यांचं काम वाया गेलं असतं. गावाहून आलेले तुम्ही दारात आडवे आलात. "बाप गया, पाच दिन नही व्हयनात, नि तू कामले चालनी?"

मी चपला घातल्या आणि गेले.

बदललेलं प्रथिन खुणेवर टिकलं नाही. न बदललेलं टिकलं. म्हणजे ओळख त्या खाचेतच होती. हे ज्यांना सांगायचं ते नव्हते, म्हणून यंत्रापाशी उभी राहून रडले. रडल्याची लाज नाही. गेल्याचीही नाही.

दशक्रियेनंतर तुम्ही म्हणालात, "आठे सुरतमा आते तुमनं काय शे? गावले चला." त्याचं उत्तर लिहिते. गावच्या घराची कडी आता मला अंधारात सापडणार नाही. इथे चपला काढताना बाबा अंगठा टेकवायचे, ती चौकटीवरची जागा गुळगुळीत झाली आहे. बाहेर पडताना मी तिथेच हात ठेवते. आई इथेच राहील. प्रबंध मी इथेच पुरा करीन. शिकाडजो म्हणाला होतात ना?

नाना, मनं घर आठेच शे.