वाकड्या बांधाचं चित्र

हिवरखेडच्या स्टँडवर त्या सकाळी माझ्यापेक्षा माझ्या ड्रॉइंग बोर्डाचीच जास्त चर्चा होती. बोर्ड एवढा मोठा, की एसटीच्या दारातून तो तिरपा करून आत घ्यावा लागला. कंडक्टरनं विचारलं, "कॅरम खेळायले चालली का वं?" मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली, "रुखवताचं काही असन." मी काहीच बोलले नाही. बोलायची माझी पद्धतच नव्हती. बाबा खिडकीखाली उभे होते. त्यांनीच माझ्या वतीनं सांगून टाकलं, "चित्रकलेच्या कॉलेजात चालली, अमरावतीले. पोरगी बोलत नाही जास्त. परतवाड्याले गाडी बदलायची हाये, तेवढं तिले सांगजा." गाडी हलली तशी माय सोबत चालत ओरडली, "पोचली की फोन करजो! आन् बोलजो बरं आशू, नुसता मिस कॉल नोको देजो!"

मी मुकी नव्हते, हे आधी सांगून टाकते, कारण गावात अजून दोन-चार जणांना तसंच वाटतं. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायची. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही खाली बघायची. दुकानात पाठवलं तर बोटानं वस्तू दाखवायची. हात मात्र गप्प बसत नसे. शाळेचे फळे, पोळ्याला बैलांची शिंगं, लग्नघरच्या भिंतीवरचा गणपती, सगळं माझ्याकडे यायचं, कारण मी रंगवताना कुणाला सल्ले देत नसे. बारावी झाली आणि शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी बाबांना गाठून अमरावतीच्या कॉलेजचं डोक्यात घातलं.

बाबांची भीती चित्रांची नव्हती. शेती करणारा माणूस, पण चित्रं काढून काय होणार असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यांची काळजी वेगळीच होती. "एवढ्या मोठ्या गावात थे कोणाशी बोलन काय? आजारी पडली तं कोणाले सांगन काय?" मायला ते हळूच म्हणायचे आणि मला ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं. शेवटी ठरलं ते असं: "एक वर्ष पाहू. नाही जमलं तं वापस ये. अकोटच्या कॉलेजात नाव टाकू." म्हणजे चार वर्षांच्या कोर्सचं सगळं भवितव्य पहिल्या वर्षावर टांगलेलं, आणि ते वर्ष टिकणार की नाही हे माझ्या तोंडावर अवलंबून. हातावर असतं तर मी निर्धास्त झोपले असते.

तिथं काय शिकवतात, असं आजही मी गावी आले की कोणी ना कोणी विचारतंच. "चित्र तं तुले आधीच येत होतं, मंग कॉलेज कायले पाहिजे?" प्रश्न चुकीचा नाही. तुम्हा गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं बॅग उचलून निघालेल्यांसाठीही एकदा नीट लिहावं म्हणून बसले आहे.

पहिली शिकवणी प्राजक्ताकडून मिळाली. ही माझी खोलीतली मैत्रीण, मोर्शीची, संत्र्याच्या बागेतली. दोघींचं मिळून ती एकटीच बोलायची. स्थिरचित्रासाठी फळं आणा म्हटल्यावर तिनं पिशवीभर संत्री आणली, माठाशेजारी मांडली, आणि चित्र अर्धं झालं असताना त्यातलं एक स्वतःच सोलून खाल्लं. कॉलेजातले आमचे सर आले, मांडणीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "घरी झाडावर असतात तेव्हा खायचीच असतात ना सर," ही म्हणते. सरांनी आवाज चढवला नाही. उरलेल्या संत्र्यांशेजारी ते साल ठेवलं आणि म्हणाले, "आता याचंही काढा सगळ्यांनी. हे जास्त अवघड आहे." खरंच अवघड होतं. संत्र्याच्या सालाची आतली पांढरी बाजू पांढरी नसते, हे मला अठरा वर्षं संत्री खाऊन कळलं नव्हतं. त्या दुपारी मी रंगांच्या डबीत पिवळा, निळा, थोडा गुलाबी असं काय काय कालवत बसले आणि इतकी खूश झाले की जेवायचं राहून गेलं.

पण खरी परीक्षा असायची शनिवारी. आठवडाभराची सगळी कामं ओळीनं भिंतीला लावायची आणि एकेकानं उठून दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलायचं. सरांचा नियम एकच, 'छान' म्हणायचं नाही. वर्गात अर्धे जण खेड्यापाड्यांतले, त्यांनी लगेच 'बेस आहे' सुरू केलं. त्यावरही बंदी आली. "काय दिसतं ते सांगा," सर म्हणायचे. सर अमरावतीचेच, वकिलाच्या घरातले, बोलणं अगदी पुस्तकी. पण घाई म्हणून नाही. माझी पहिली पाळी आली तेव्हा मी प्राजक्ताच्या चित्रासमोर उभी राहिले आणि उभीच राहिले. कुणीतरी खोकलं. सर हाताची घडी घालून निवांत. त्यांनी मला सोडवलं नाही आणि बसवलंही नाही. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "हा माठ पडते." वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "कोणत्या बाजूला?" डाव्या. "कशामुळे?" आणि गंमत अशी, की मला ते माहीत होतं. माठाखाली सावलीच नव्हती, तो टेकला कुठे हे कळत नव्हतं. मी ते सांगितलं. प्राजक्ता उठून चित्राजवळ गेली, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "अरे हो, पडतेच की हा!" तिला राग आला नाही. उलट तिनं मला दुपारी चहा पाजला. बोललेलं ऐकून माणूस चहा पाजतो, ही माझ्यासाठी नवी माहिती होती.

त्यानंतर मी भराभरा बोलायला लागले असं काही झालं नाही. शनिवारी दोन वाक्यं, पुढच्या शनिवारी तीन. माझ्या चित्राबद्दल इतर बोलायचे ते ऐकताना सुरुवातीला मी मागच्या बाकाकडे सरकायची. पोरं सोडत नसत. मग हळूहळू कळलं, की ते कागदाबद्दल बोलतात, माझ्याबद्दल नाही. कागद फाडून दुसरा लावता येतो. बसस्टँडवर माणसांची रेखाटनं करायला पाठवायचे, तिथं तर बोलल्यावाचून सुटकाच नसायची. "माह्यं काढ," "माह्या नातवाचं काढ," "नाक एवढं मोठं काहून काढलं?" उत्तर द्यावंच लागे. नाहीतर माणूस समोरून उठून जाई आणि चित्र अर्धवट राही.

आता वाकड्या बांधाच्या त्या दिवसाकडे येते. हिवाळ्यात निसर्गचित्रांचं सबमिशन होतं. मी प्राजक्ताला आणि वर्गातल्या आणखी दोघींना हिवरखेडला घेऊन आले. आमच्या शेताच्या उत्तरेला सातपुडा निळा दिसतो, मध्ये तूर, कपाशी, आणि आमच्या व शेजारच्या शंकरकाकांच्या शेतांमधला बांध. सकाळीच चौघी जणी बोर्ड घेऊन बसलो. निसर्गचित्र काढताना एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घेतात. आम्ही तेच करत होतो. आणि त्या दिवसांत आमच्याकडे शेतांमधून नवा रस्ता जाणार, जमिनीचा मोबदला मिळणार अशी कुणकुण होती. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'मोजणीवाल्या मॅडम आल्या.'

तासाभरात बांधावर निम्मं गाव. एक जण सातबारा घेऊन आला होता. एकानं आमच्यासाठी ऊस आणला. मी पाठमोरी, डोक्याला रुमाल बांधलेली, म्हणून मला कुणी ओळखलंच नाही. शंकरकाका मात्र थेट प्राजक्ताच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांचा जुना आरोप, की माझ्या बाबांनी बांध कोरून त्यांची जमीन आपल्यात ओढली. बाबांचा आरोप, की काकांनी. "मॅडम, बांध नीट पाहा बरं," काका म्हणाले. प्राजक्तानं मान वर न करता उत्साहानं सांगितलं, "काका, हा बांध किती वाकडा हाये! वाकडा हाये म्हणूनच तं घेतला!"

झालं! काकांनी हातच वर केले. "ऐकलं का सारे! मॅडम बी म्हणते वाकडा हाये!" तेवढ्यात बाबा आले. "वाकडा हाये तं तू केला!" "मी काहून करन? सरकारनं मोजलं, आता बोल!" दोघांचे आवाज चढले, माणसं दोन बाजूंना सरकली, आणि बिचारी प्राजक्ता, जिला गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, ती गप्प झाली.

मी उठले. माझा कागद बोर्डासकट उचलून बांधावरच्या कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवला आणि रुमाल सोडला. "काका, मी आशू. ही मोजणी नाही, हे चित्र हाये. पाहा न एकदा." आवाज माझाच होता, पण इतका मोठा मी तो कधी ऐकला नव्हता. सगळे वळले. कागदावर रस्ताबिस्ता काही नाही हे पाहून सातबारावाल्याचा चेहराच पडला. मग कुणीतरी विचारलं, "चित्र हाये तं बांध वाकडा काहून काढला?" मी सांगायला लागले. बांध सरळ काढला तर नजर त्याच्यावरून घसरून कागदाबाहेर जाते. हा वळत वळत जातो, म्हणून आपण तुरीतून, कपाशीतून फिरत फिरत डोंगरापर्यंत पोचतो. डोंगर निळा का, जवळची तूर पिवळी का, तेही सांगितलं. "माह्यी विहीर काहून नाही यात?" विहीर काढली असती तर सगळे तिथेच थांबले असते, पुढं कुणी गेलं नसतं. "आन् मी?" शंकरकाकांनी विचारलं. "तुम्ही एका जागी उभे राहा, आत्ता टाकते." माणसं हसली, आणि काका खरंच उभे राहिले, टोपी सारखी करून, बरोबर वाकड्या बांधावर. बाबांकडे रागानं बघायचंही ते विसरून गेले. मी प्रश्नांना उत्तरं देत राहिले आणि हात चालवत राहिले. शनिवारी हेच तर करत होतो आम्ही! फक्त इथं भिंतीच्या जागी कडुनिंब होता.

बाबा गर्दीच्या मागे उभे होते. घरी परतताना ते एकटेच पुढे पुढे चालत राहिले. मला वाटलं, गावासमोर तमाशा झाला म्हणून रागावले. संध्याकाळी जेवायला बसल्यावर मायला म्हणाले, "पोट्टी बोल्ली आज. साऱ्या गावासमोर."

"काय बोल्ली?" मायनं विचारलं.

"थे मले सारं नाही समजलं. पण बोल्ली. मधात कोणी टोकलं तरी नाही थांबली." मग भाकरीचा तुकडा मोडत सहज सांगावं तसं म्हणाले, "अकोटच्या कॉलेजचं राहू दे आता. होऊ दे तिचं अमरावतीचं पुरं." मी ताटात बघत राहिले. मग आनंदाच्या भरात तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. प्राजक्तानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मायकडे आणखी भाकरी मागितली.

आता मी बंगळुरूला असते. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. कागदावर कमी, टॅबलेटवर जास्त. दिवस क्लायंट कॉल, ब्रीफ, डेडलाइन यांत जातो. माझ्याहून सुंदर हात असलेले आमच्या टीममध्ये किमान चौघे आहेत, हे मी न लाजता सांगते. पण क्लायंटनं 'काहीतरी खटकतंय' म्हटलं की काय खटकतंय ते शोधून शब्दांत सांगायला मलाच पुढं करतात. हिंदीत सांगते, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगते, माझं वऱ्हाडी इंग्रजी ऐकून कुणी हसलं तर मीही हसते. सात वेळा बदल आले तरी रडू येत नाही. कागद दुसरा लावता येतो. प्राजक्ता मोर्शीतच राहिली, बागायतदारांच्या संत्र्याच्या पेट्यांवरची चित्रं करते आणि तिच्या पेट्या बाजारात लांबून ओळखू येतात. त्या दिवशी सोबत आलेल्यांपैकी एक अकोल्याला शाळेत चित्रकला शिकवते, आणि तिच्या वर्गातही म्हणे 'छान' म्हणायला बंदी आहे. चित्रं आम्हाला आधीही येत होती. ती कुणासमोर ठेवून तिथं उभं कसं राहायचं, ते त्या चार वर्षांनी दिलं.

वर्षातून दोनदा घरी जाते. पहिले एक-दोन दिवस मी बोलतच नाही. ठरवून नाही, तसं होतं. या हिवाळ्यात गेले तेव्हाही अंगणात बाजेवर बाबांच्या शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. बाबाही सोलत होते. ऊन पायांवर होतं. फोन आत कुठेतरी वाजून थांबला. कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं, कुणाला पटवायचं नव्हतं, आणि हे किती सुखाचं असतं ते मला बंगळुरूत कधी कळलंच नसतं. माय दोनदा आत-बाहेर झाली. शेवटी तिला राहवलं नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काहून वं आशू, सकाळपासून एक शब्द नाही! तब्येत तं बरी हाये न?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "राहू दे न तिले. घरी आली थे."